वॅटकाकू आणि बाबांची इंजिनरूम

आमच्या दुकानाच्या पाटीवर दोन धंदे आहेत. डाव्या बाजूला लिहिलंय झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो. तो मी. उजव्या बाजूला लिहिलंय, गेमिंग कॉम्प्युटर जोडून मिळतील. ती आमची ही. अक्षरं दोन्हीकडे एकाच मापाची आहेत, मी स्वतः पट्टी लावून बघितली आहेत. तरी लोक दारातून आत आले की उजवीकडेच वळतात. पूर्वी मला याचं वाईट वाटायचं. अजूनही वाटतं, पण आता सवय झाली आहे.

गिऱ्हाइकं तिला वॅटकाकू म्हणतात. तोंडावर नाही, मागे. तिला ते ठाऊक आहे आणि आवडतंही, पण ती ताकास तूर लागू देत नाही.

हे नाव कसं पडलं ते सांगतो. कॉम्प्युटर जोडून घ्यायला आलेला माणूस ग्राफिक्स कार्डाबद्दल भरभरून बोलतो. स्क्रीनबद्दल बोलतो, कॅबिनेटच्या काचेबद्दल बोलतो, आतल्या रंगीत दिव्यांबद्दल तर विचारूच नका. पॉवर सप्लायची आठवण त्याला पायात चप्पल घालताना होते. "तो काय, टाका कुठलातरी." सप्लाय म्हणजे कॅबिनेटच्या तळाशी बसणारा लोखंडी डबा. भिंतीतली वीज आत घ्यायची आणि ज्याला जेवढी लागेल तेवढी वाटायची, एवढंच त्याचं काम. दिसायला तो कुणालाच आवडत नाही. हिचं बोलणं मात्र त्याच्या वॅटपासूनच सुरू होतं. कुठला गेम खेळता? किती वेळ? खोलीत उकाडा असतो का? त्याच प्लगवर अजून काय काय जोडलंय? दोन वर्षांनी मोठं कार्ड घ्यायचा विचार आहे का? माणूस चप्पल काढून परत बसतो.

एकदा एक दातांचे डॉक्टर आले होते. मित्राकडे हजार वॅटचा सप्लाय आहे म्हणून यांना बाराशेचा हवा होता. त्यांच्या सगळ्या सामानाची भूक मिळून त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीही नव्हती. हिनं शांतपणे विचारलं, "डॉक्टर, एक दाढ दुखते म्हणून आलेल्या माणसाचे तुम्ही सगळे दात काढता का?" डॉक्टर इतके हसले की बाजूला माझ्या कॅमेऱ्यासमोर बसलेल्या बाईंचा पासपोर्ट फोटो हलला. त्यांनी तिचं ऐकलं, उरलेल्या पैशांत चांगली खुर्ची घेतली आणि आता त्यांचे निम्मे पेशंट आमच्याकडे येतात.

ही मूळची या धंद्यातली नाही. लग्नाआधी ती एका कॉम्प्युटरच्या दुकानात फोन घ्यायच्या कामाला होती. दुरुस्तीची माणसं आत गप्पा मारत बसायची आणि लोकांची बोलणी हिला खावी लागायची. मशीन तापतंय, मशीन ओरडतंय, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे, चालता चालता एकदम बंद पडतंय. बोलणी खाऊन खाऊन ती एवढं शिकली की पुढे फोनवरच निदान सांगायला लागली. आमचं लग्न झालं तेव्हा मी माझ्या दुकानातली अर्धी जागा तिला दिली. म्हणजे मी तसं सांगतो. ती सांगते की तिनं मला अर्ध्या जागेत राहू दिलं.

तिची एक पद्धत आहे. जोडून झालेलं मशीन ती लगेच कुणाच्या हातात देत नाही. दुकान उघडलं की त्याच्यावर ओझं चढवते, म्हणजे एक प्रोग्रॅम लावते, जो कार्डाला आणि प्रोसेसरला दिवसभर जोरात राबवतो. दुकान बंद होईपर्यंत ते तसंच चालतं. येता जाता ती कॅबिनेटवर तळहात ठेवते, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. त्या दिवशी जे टिकलं ते टिकलं. तिचं एकही मशीन बंद पडून परत आलेलं नव्हतं. मी हे चारचौघांत सांगतो, आणि माझा धाकटा भाऊ तर तो राहतो त्या दूरच्या गावी ज्याला त्याला सांगत असतो.

आता घोडं अडलं ते या धाकट्यापाशीच, आणि आमच्या बाबांपाशी.

बाबांनी आयुष्यभर एका मोठ्या बाजाराच्या इमारतीत जनरेटर सांभाळला. तळघरात त्यांची खोली होती. वर वीज गेली की खाली बाबा दांडा ओढायचे आणि चार मजल्यांवर दिवे परत यायचे. आम्ही भाऊ शाळेतून थेट त्या तळघरात जायचो, डिझेलच्या वासात अभ्यास करायचो. माणूस कामाला वाघ, पण एक वाईट सवय. बोलणं मनासारखं चाललं नाही की उठून जायचं. भांडायचं नाही, ओरडायचं नाही, नुसतं उठायचं आणि दाराबाहेर. समोरच्याचं वाक्य अर्धवट हवेत लटकत राहायचं. आई होती तोवर ती ते वाक्य पकडून त्यांच्यापर्यंत पोचवायची.

आई गेल्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. बाबांनी धाकट्यासाठी त्याच इमारतीत शब्द टाकला होता, जागा जवळजवळ नक्की होती. धाकट्याला दूरच्या गावी जायचं होतं. जेवताना त्यानं विषय काढला. तो म्हणाला, "बाबा, मला तुमच्यासारखं..." आणि बाबा ताटावरून उठले. हात धुतले आणि गेले. धाकट्यानं ते वाक्य पुरं केलं नाही, आणि त्या आठवड्यात तो घर सोडून गेला. बाबांनी मनात ते वाक्य आपल्या आपण पुरं करून टाकलं होतं, ते एकदा माझ्यापाशी बोलले. "त्याला माझ्यासारखं तळघरात जगायचं नव्हतं." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. सणासमारंभाला नाही, आजारपणाला नाही. निरोप सगळे हिच्यामार्फत. बाबांचं वय झालं होतं आणि मला मनातून भीती वाटायची की हे असंच राहणार.

ही मात्र गप्प बसणारी नव्हे. एकदा धाकटा तिला फोनवर सांगत होता की तो सुट्टीच्या दुपारी एक गेम खेळतो. जुनी वाफेची बोट असते. एकानं वर उभं राहून सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं खाली इंजिनरूम सांभाळायची, कोळसा, वाफ, दाब, सगळं. कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलत बोट वादळातून काढायची. त्याचा इंजिनवाला मित्र काम बदलून निघून गेला होता आणि आता बोट धक्क्याला उभी होती. ही ऐकत होती आणि गॅलरीकडे बघत होती. गॅलरीत बाबा बसले होते, मागच्या गल्लीतला कुणाचा तरी जनरेटर ऐकत. त्याचा फिल्टर तुंबलाय असं त्यांचं मत होतं.

ती फोनवर म्हणाली, "भावजी, तुम्हाला एक इंजिनवाला देऊ का?"

धाकटा आधी हसला. मग म्हणाला, "खेळतील का ते?"

ते खेळतील की नाही हे मलाही ठाऊक नव्हतं. हिनं बाबांना गेम आहे असं सांगितलंच नाही. एक इंजिन आहे, चालवायला माणूस नाही, एवढंच सांगितलं. वर कोण आहे तेही सांगितलं. बाबा उठून गेले. मी हिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, थांबा. थोड्या वेळानं बाबा परत आले आणि विचारलं, इंजिन कुठल्या जातीचं आहे.

घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो गेम उघडायलाही तयार नव्हता. लाटा, धूर, विजा, ही सगळी चित्रं म्हणजे कार्डाला राबवणारं काम. म्हणून हिनं बाबांसाठी नवीन मशीन जोडायला घेतलं. आणि बाबा दुकानात येऊन बसायला लागले. धाकटा घर सोडून गेल्यापासून या माणसानं कशातच लक्ष घातलं नव्हतं, ते आता चष्मा लावून स्क्रू मोजत होते. ही त्यांना प्रत्येक भाग हातात देऊन सांगायची. मी झेरॉक्सच्या आडून बघायचो आणि मला इतकं बरं वाटायचं की पानं उलटी लागायची.

सप्लायची वेळ आली तेव्हा बाबा जागे झाले. हा त्यांचा विषय. एकूण भूक किती, त्यांनी विचारलं. हिनं बेरीज करून सांगितली, सगळं मिळून पावणेचारशे वॅटच्या आसपास. मग साडेचारशेचा घ्यायचा, बाबा म्हणाले. ही साडेसहाशेचा म्हणत होती. बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी तिला समजावलं, आणि खरं सांगायचं तर ते बिनचूक समजावत होते, फक्त जनरेटरबद्दल. ओझ्यापेक्षा जनरेटर फार मोठा घेतला की तो अर्धपोटी चालतो, डिझेल नीट जळत नाही, आत काजळी धरते आणि दोन वर्षांत मशीनचं मातेरं होतं. त्यांनी असे जनरेटर उघडून साफ केले होते. मोठा आकडा घ्यायचा ही हौशी माणसांची खोड, असं त्यांचं ठाम मत होतं. हिनं सांगून बघितलं की सप्लायला काजळी धरत नाही. बाबा अडून बसले.

आणि हिनं ऐकलं. कागदावर साडेचारशे पुरत होते, वर थोडे उरतही होते. रात्री मी विचारलं की दातांच्या डॉक्टरांना एवढं सुनावणारी तू, बाबांपुढे लगेच का नमलीस. ती म्हणाली, "त्यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी स्वतः निवडलंय. त्यांचं मशीन आहे, त्यांचं होऊ दे." मशीनवर दिवसभर ओझं चढवलं. ते मजेत चाललं. बाबांनीही एकदा तळहात ठेवून बघितला आणि समाधानानं मान डोलावली.

पहिल्या सुट्टीच्या दुपारी बोट धक्क्यावरून सुटली. बाबांनी हेडफोन लावला होता, पाठ ताठ. आम्ही दोघं दारात उभे. पलीकडचा आवाज मशीनच्या स्पीकरवरही येत होता. धाकटा म्हणाला, "अर्धा वेग." बाबा म्हणाले, "अर्धा वेग दिला." बस्स, एवढंच. इतक्या वर्षांनी बापलेकांत झालेलं बोलणं ते. हिनं माझा हात घट्ट धरला होता, आणि माझे डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत.

त्यानंतर दर सुट्टीला बोट निघायची. वेग वाढवा, दाब सांभाळा, डावीकडे खडक आहे. हळूहळू मध्ये मध्ये दुसरी वाक्यं यायला लागली. तिकडे उकाडा आहे का. गुडघा कसा आहे. बाबा उत्तर द्यायचे आणि लगेच दाबाचा आकडा सांगायचे.

मग एकदा बोट वादळात शिरली आणि मशीन बंद पडलं. सूचना नाही, आवाज नाही, स्क्रीन काळीठिक्कर. मला वाटलं वीज गेली, पण डोक्यावर पंखा फिरत होता. बटण दाबलं तर मशीन शहाण्यासारखं परत सुरू झालं. धाकट्याला हिनं फोन करून सांगितलं, त्यानं ठीक आहे म्हटलं. हिनं मशीन दुकानात नेलं, दिवसभर ओझं चढवलं, सगळ्या वायरी उपटून परत खोचल्या. काही सापडेना. मशीन ठणठणीत. ती स्वतःवरच चिडली होती आणि मी झेरॉक्सच्या आड पानं मोजत बसलो होतो.

पुढच्या सुट्टीला परत वादळ. या वेळी मोठं. मी खोलीतच होतो. विजा चमकत होत्या, बाबा भराभर कोळसा टाकत होते, दोघंही रंगात आले होते. बोट एका उंच लाटेवर चढली आणि धाकट्याचा आवाज आला, एकदम निराळा. "बाबा, त्या दिवशी जेवताना मी म्हणत होतो..."

आणि स्क्रीन काळी झाली.

बाबा तसेच बसून राहिले, कानाला हेडफोन, हात कीबोर्डवर. मी बटण दाबलं, सगळं परत उघडलं, पण तोवर धाकटा निघून गेला होता. थोड्या वेळानं हिच्या फोनवर त्याचा निरोप आला. बाबांना म्हणावं, त्रास नको. ते उठून जाणारच होते. मी आता येत नाही.

हिनं तो निरोप बाबांना वाचून दाखवला नाही, पण बाबांना कळलं. ते गॅलरीत जाऊन बसले. मागच्या गल्लीतला जनरेटर चालू होता, पण ते ऐकत नव्हते.

पुढचे दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. धाकटा फोन उचलेना. ही दुकानात त्या मशीनसमोर बसून असायची आणि तळहात ठेवून त्याच्याकडे रागानं बघायची. गिऱ्हाइकं यायची, तिचा चेहरा बघून डावीकडे वळायची. माझा धंदा त्या आठवड्यात कधी नव्हे तेवढा झाला आणि मला त्याचा अजिबात आनंद झाला नाही.

आमचं झेरॉक्स मशीन जुनं आहे. तापायला घेतलं की आतला हीटर एकदम वीज ओढतो आणि दुकानाचा दिवा क्षणभर मंद होतो. वर्षानुवर्षं होतो, आम्ही बघतही नाही. त्या दिवशी मी मशीन सुरू केलं, दिवा नेहमीसारखा मंद होऊन परत उजळला, आणि ही खुर्चीतून उठली.

"परत सुरू करा," ती म्हणाली.

मी बंद करून सुरू केलं. दिवा मंद झाला. तिनं मला तेच अजून दोनतीनदा करायला लावलं. एका कागदाची झेरॉक्स काढायला आलेल्या गृहस्थांना वाटलं आमच्या दोघांचं डोकं फिरलंय. "आता पानं काढत राहा," ती म्हणाली. मी पानामागून पानं काढली. दिवा अगदी स्थिर.

मग ती मला सांगायला लागली, आणि सांगता सांगता तिचा चेहरा उजळत गेला. तिचं ओझं दिवसभर एकसारखं असतं. मशीन एकदा धावायला लागलं की एका चालीनं धावतं, साडेचारशेला ते जड नाही. पण वादळात तसं नसतं. वीज चमकली, लाट फुटली की कार्ड डोळ्याचं पातं लवण्याआधी दुप्पट ओढतं आणि परत खाली येतं. बेरजेत ते धरलेलंच नसतं. सप्लायला वाटतं आत कुठेतरी घोटाळा झाला, आणि तो सगळ्यांना वाचवायला स्वतःहून दार बंद करतो. तो बिघडलेला नव्हताच. छोटा होता.

तिनं लगेच ओझ्याचा प्रोग्रॅम एकसारखा न चालवता धक्क्याधक्क्यानं चालवला. चालू, बंद, चालू, बंद. मशीन आमच्या डोळ्यांसमोर गपकन विझलं. इतक्या वर्षांत तिचं मशीन पहिल्यांदा तिच्या टेबलावर मेलं होतं आणि ती टाळ्या पिटत होती. त्या गृहस्थांनी पैसे ठेवले आणि सुट्टे न घेताच गेले.

आता प्रश्न बाबांचा. साडेचारशे त्यांनी निवडले होते. मी म्हटलं, सांगूच नकोस, गुपचूप बदलून टाक. ती म्हणाली, असं काही करायचं नाही. संध्याकाळी तिनं गॅलरीत त्यांच्याशेजारी स्टूल ओढलं आणि विचारलं, "बाबा, तुमच्या इमारतीत लिफ्ट होती ना? जनरेटर लिफ्टच्या मोटरएवढाच होता का?"

बाबा म्हणाले, "छे. चांगला तिप्पट."

"तिप्पट कशाला? काजळी नाही धरायची?"

"बाकीचे चार मजले होते की पोटाला. आणि लिफ्ट सुटताना मोटर जोरात ओढते. चालायला लागली की काही नाही. पण सुटताना तेवढं हातचं राखलेलं नसेल तर..." बाबा बोलता बोलता थांबले. त्यांनी हिच्याकडे बघितलं. ही खाली बघत होती.

बाबा उठले आणि गॅलरीतून निघून गेले. बाहेरचं दार वाजलं. मग ते परत आले, पायात चपला, अंगात बाहेरचा शर्ट. "सूनबाई," ते म्हणाले, "तुझा तो साडेसहाशेचा दुकानात आहे की मागवावा लागेल?"

तो दुकानातच होता. बाबांनी तो स्वतःच्या हातानं बसवला. धक्क्याच्या ओझ्यावर मशीन दुसऱ्या दिवशी दुकान बंद होईपर्यंत चाललं. बाबा सारखे तळहात ठेवत होते.

राहिला धाकटा. हिनं माझ्या फोनवरून नंबर लावला, म्हणून त्यानं उचलला. तिनं आवाज मोठा ठेवला होता. बाबा समोरच्या खुर्चीत. ती म्हणाली की भावजी, बाबा त्या दिवशी उठले नव्हते. मशीन बंद पडलं होतं. सप्लाय छोटा पडला, माझी चूक झाली.

धाकटा थोडंसं हसला. वाईट हसणं होतं ते. "वहिनी, तुमचं मशीन बंद पडत नाही. मी इथे सगळ्यांना तेच सांगत असतो. तुम्ही कायम त्यांना पांघरूण घालता, आईसारख्या."

तिनं इतकी वर्षं कमावलेलं नावच तिच्या आड आलं होतं. खरं सांगत होती आणि केवळ ती वॅटकाकू होती म्हणून तिच्यावर विश्वास बसत नव्हता. तिनं परत सांगितलं, चूक माझी. तो म्हणाला, राहू द्या वहिनी.

बाबांनी हात पुढे केला आणि तिच्या हातातून फोन घेतला. फोन कसा धरायचा तेच त्यांना कळेना, तो त्यांनी हेडफोनसारखा दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"तिची चूक नाही," बाबा म्हणाले. "ती साडेसहाशे म्हणत होती. मी साडेचारशेवर अडून बसलो. चूक माझी." मग थोडं थांबून म्हणाले, "मी उठलो नव्हतो रे. मी तिथेच बसलो होतो."

मी या घरात वाढलो आहे. ‘चूक माझी’ हे शब्द मी या माणसाच्या तोंडून कधी ऐकले नव्हते, आणि धाकट्यानंही नाही. तो म्हणाला, "किती वॅट लागतात यात तुम्ही चुकलात? तुम्ही?" आणि मग, "सुट्टीला बोट काढतो."

सुट्टीच्या दुपारी बोट निघाली. हिनं मशीनशेजारी स्टूल घेतलं आणि कॅबिनेटवर तळहात ठेवून बसली. मी म्हटलं, आता कशाला, एवढं तपासलंय. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. मी पण बसलो.

त्या दिवशी दोघंही फक्त बोटीचंच बोलत होते. गुडघा नाही, उकाडा नाही. पुढे काळे ढग दिसायला लागले. धाकट्यानं बोट वळवली नाही, सरळ आत घातली. लाटा आल्या, विजा आल्या, कार्डाचे पंखे घोंगावायला लागले. एक मोठी लाट फुटली तेव्हा पूर्ण स्क्रीन पांढरी झाली. मग समुद्र परत दिसला. बोट होती.

"बाबा," स्पीकरमधून आवाज आला. "आहात?"

"आहे. इंजिनपाशीच आहे."

"त्या दिवशी जेवताना मी म्हणत होतो..." तो थांबला. सवयीनं थांबला असावा, बंद होतंय का ते बघायला. काही बंद झालं नाही. वीज चमकली, बाबांचा चेहरा उजळला, आणि त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती, उठू नये म्हणून धरावी तशी.

"मी म्हणत होतो की बाबा, मला तुमच्यासारखं काहीतरी माझ्या हातानं चालवायचंय. तुमच्याच खोलीत बसून ते झालं नसतं. एवढंच म्हणायचं होतं."

बोटीचा दाब खाली यायला लागला होता. बाबांनी आधी कोळसा टाकला, काटा वर येईपर्यंत बघितलं.

"मग चालव की," ते म्हणाले. "इंजिन मी बघतो."

हिनं कॅबिनेटवरचा हात काढला, पदरानं डोळे पुसले आणि मला कोपरानं ढकलून उठवलं. आम्ही बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आतून बराच वेळ वादळाचा आवाज येत होता, आणि त्यात दोघांचं बोलणं.